मिथेनॉलची तीन मिनिटं

आफरीनचा फोन आला तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते आणि माझ्या हातात चिमट्यानं धरलेली, रक्त पसरलेली काच होती. आफरीन ही उज्ज्वलाची विद्यार्थिनी, तिच्या हाताखाली संशोधन करणारी शेवटची. "सर, मॅडम गेल्या," एवढंच ती म्हणाली. मग पलीकडून नुसता दवाखान्याचा आवाज येत राहिला, कुणीतरी स्ट्रेचर ढकलत नेत असावं... मी "बरं" म्हणालो. असल्या वेळी माणूस काहीही म्हणतो. फोन ठेवला, हातातली काच मिथेनॉलच्या बरणीत सोडली आणि सवयीनं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. तीन मिनिटं ठेवायची असते. त्या दिवशी ती अर्धा तास तिथंच पडून राहिली. बाहेर बाकावर बसलेला पेशंट दोनदा डोकावून गेला, तेव्हा कुठं मी भानावर आलो.

उज्ज्वलाला जाऊन आता अडीच महिने होतील. पेपरच्या पुरवणीसाठी तिच्याविषयी लिहा, असा निरोप आला तेव्हा मी दोनदा नाही म्हटलं. तिच्यावर चांगलं लिहिणारे पुष्कळ आहेत. विद्यार्थी आहेत, सोबतचे प्राध्यापक आहेत. मी उमरग्यात पॅथॉलॉजी लॅब चालवणारा माणूस. रक्त, लघवी, थुंकी तपासणं हा माझा धंदा, लिहिणं हा नव्हे. पण मला जे ठाऊक आहे ते दुसऱ्या कुणालाही ठाऊक नव्हतं, आणि ते गाळून तिच्यावर चार चांगले शब्द लिहिले तर तो खोटेपणा होईल. खाई त्याला खवखवे म्हणतात. माझा घसा बारा-तेरा वर्षं खवखवतोय.

आम्ही बी.एस्सी.ला एका वर्गात होतो, तेव्हाच्या उस्मानाबादेत. ती कळंबची. वडील लहानपणीच गेलेले, आई अंगणवाडीत. मी उमरग्याकडच्या एका खेड्यातला, बागायतदाराचा मुलगा, अभ्यासात बेताचा. कॉलेजात मायक्रोस्कोप कमी आणि पोरं जास्त, म्हणून दोघांत एक मायक्रोस्कोप मिळायचा. माझ्या वाट्याला उज्ज्वला आली. खरं तर तिच्या वाट्याला मी आलो. मला कांद्याच्या मुळातल्या पेशी शोधायला अर्धा तास लागे आणि शेवटी जे सापडे तो हवेचा बुडबुडा असे. ती डोळा लावायची आणि बोट दोन वेळा फिरवून म्हणायची, "हे बघ, ह्या पेशीचं विभाजन चालू झालंय." बघितलं की असायचंच. पुढं पुढं तर आमचे सरच एखादी काच नीट समजली नाही की म्हणायचे, "थांबा, उज्ज्वलाला बघू द्या." विशी-एकविशीच्या मुलीला सरांनी असं म्हणावं, याचा मला हेवा वाटायचा. तिला मात्र त्यात विशेष वाटायचं नाही. डोळे आहेत तर दिसणारच, असं तिचं साधं गणित होतं. तिचा स्वतःच्या डोळ्यांवर इतका विश्वास होता, हे मी मुद्दाम आधी सांगून ठेवतोय.

पुढं मी लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा केला आणि उमरग्यात हायवेजवळ दोन खोल्या घेऊन लॅब टाकली. ती एम.एस्सी. झाली, धाराशिवच्या कॉलेजात तासिकेवर शिकवायला लागली आणि पीएच.डी.साठी नाव नोंदवून बसली. एक दिवस हातात थर्मास घेऊन माझ्या लॅबमध्ये हजर. "दत्ता, तुझं सेंट्रिफ्यूज दोन तास पाहिजे." थर्मासमध्ये बर्फ आणि बर्फात नळ्या, नळ्यांमध्ये शेळीचं रक्त. मटणाच्या दुकानावर पहाटे उभं राहून तिनं ते स्वतः धरलं होतं. आमच्या जिल्ह्याची शेळी सगळ्या राज्यात नावाजलेली. काटक, आजारानं सहसा न मरणारी. तिच्या रक्तात असं काय आहे, हे उज्ज्वलाला बघायचं होतं.

तिनं ते मला ज्या सोप्या रीतीनं समजावलं, तसंच सांगतो. रक्तातल्या पांढऱ्या पेशींत लिम्फोसाइट नावाच्या पेशी असतात. रोगाशी लढणारी ही फौज. मी रोज त्या मोजतो. मायक्रोस्कोपखाली सगळ्या सारख्याच, गोल, मधे जांभळा ठिपका. पण त्यांत जाती आहेत. टी म्हणतात त्या वेगळ्या, बी म्हणतात त्या वेगळ्या, आणि तिसऱ्या अशा, ज्या बिघडलेली पेशी दिसली की कुणाच्या हुकमाची वाट न बघता तिला मारतात. वरून बघून ओळखू येत नाहीत. मग ओळखायच्या कशा? तर प्रत्येकीच्या अंगावर काही खुणा असतात. त्यांतल्या काही खुणा चरबीच्या असतात आणि चरबीला साखरेचं शेपूट असतं. चरबी पेशीच्या कातडीत रुतलेली, साखर बाहेर डोकावणारी. ग्लायकोलिपिड म्हणतात त्यांना. "बाजारात व्यापारी घेतलेल्या शेळीच्या पाठीवर रंग मारतोय का न्हाय? तसंच समज," ती म्हणाली. अशा एका खुणेला जाऊन चिकटणारं औषध परदेशातून मागवायचं, त्याला हिरव्या प्रकाशाचा रंग जोडायचा. खूण असेल तर पेशी अंधारात हिरवी उजळणार. माणसाच्या आणि उंदराच्या पेशींवर हे लोकांनी केलं होतं. शेळीचं कुणी बघितलं नव्हतं. मी विचारलं, उंदराच्या पेशींना चिकटणारं औषध शेळीच्या पेशींना कसं लागू पडेल? तर म्हणाली, "प्रथिनं जनावरागणिक बदलतात रे, पण ही साखर फारशी बदलत न्हाय. म्हणून तर मी हिच्यामागं लागलेय."

दोन वर्षं ती अशी येत राहिली. धाराशिवहून पहिल्या एसटीनं उमरगा, माझ्याकडं चार तास, मग दुपारची हैदराबादची गाडी. हिरवं दाखवणारा मायक्रोस्कोप हैदराबादच्या एका संस्थेत होता आणि तिला त्यावर महिन्यातून दोनच दिवस बसू देत. माझ्याकडं ती सेंट्रिफ्यूजमध्ये रक्ताच्या नळ्या गरागरा फिरवायची. नळीच्या मध्यावर पेशींचं पातळ पांढरं वलय जमायचं, ते अलगद उचलायची, काचेवर पसरायची, वाळवायची, फॉर्मलिनची नुसती वाफ द्यायची आणि कागदात गुंडाळून बर्फात ठेवायची. माझी बायको तिला जेवल्याशिवाय सोडायची नाही. तीही जेवता जेवता माझ्या रोजच्या काचा मायक्रोस्कोपखाली सरकवून बघायची आणि, "हा मलेरिया तुझ्या नजरेतून सुटला असता," असं हसत सांगायची. बहुतेक वेळा सुटलाच असता.

एका संध्याकाळी हैदराबादहून तिचा फोन आला. आवाज इतका हलका की मला आधी वाटलं, काही वाईट घडलंय. "दत्ता... दिसलं." मी म्हटलं, काय दिसलं? "हिरवं. कडेकडेनं. चंद्राला खळं पडतं बघ, तसं. सगळ्यांना न्हाय, थोड्यांनाच. टी न्हायत, बी न्हायत, त्या तिसऱ्याच." तिच्या पीएच.डी.च्या सरांना मात्र ते पुरेसं वाटलं नाही. थोड्या काचांवर काय सांगायचं, दुसरी मोठी खेप आण, मग बोलू, असं ते म्हणाले. त्यांचं चूक होतं असं नाही. शास्त्राची रीतच ती आहे. औषधाची बाटली बोटाच्या पेराएवढी, त्यात एका मोठ्या खेपेपुरतंच उरलेलं.

आणि ऐन त्या खेपेच्या आठवड्यात तिच्या आईचा पाय मोडला. तिच्या आईला मी मावशी म्हणायचो. मावशींना धाराशिवच्या दवाखान्यात ठेवलं होतं. मायक्रोस्कोपचे दिवस ठरलेले, ते चुकले तर पुढं सहा महिने नाही. मी म्हटलं, मी करतो. दोन वर्षं बघतोय, मला काय अवघड आहे? तिनं फोनवर एकेक पायरी सांगितली, मी कागदावर लिहून घेतली. पहाटे मटणाच्या दुकानावर गेलो, नऊ शेळ्यांचं रक्त धरलं, लॅब दिवसभर बंद ठेवली आणि चाळीस काचा केल्या. इतकं नेटकं काम मी जन्मात केलं नव्हतं. आणि काचा वाळल्यावर मी त्या एकेक करून मिथेनॉलच्या बरणीत सोडल्या, तीन-तीन मिनिटं.

हे मी ठरवून केलं नाही. कुणी सांगितलंही नव्हतं. पण डिप्लोमा करताना आमच्या सरांनी पहिल्याच महिन्यात हाताला वळण लावलं होतं, काच वाळली की मिथेनॉल, म्हणजे पेशी काचेला पक्क्या बसतात, नाहीतर पाण्याबरोबर वाहून जातात. आमच्या धंद्यातला कुठलाही माणूस, रात्री झोपेतून उठवून हातात वाळलेली काच दिली तर ती मिथेनॉलमध्येच सोडेल. शिवाय मनात कुठंतरी माया होती. ही पोरगी एवढ्या लांब एसटीत धक्के खात जाणार, काचेवरचं काही निसटायला नको... दुसऱ्या दिवशी तिची गाडी उमरग्याच्या स्टँडवर दहा मिनिटं थांबली, मी खिडकीतून डबा आत दिला. तिचे डोळे जागरणानं लाल झाले होते. "सांगितल्यासारखं केलंस ना?" तिनं विचारलं. "तुझ्यापेक्षा झकास," मी म्हणालो.

चाळीसच्या चाळीस काचा काळ्या निघाल्या. एकही पेशी उजळली नाही. बाटली संपली. तिनं मला फोन करून शांतपणे विचारलं, "दत्ता, काही वेगळं केलं होतंस का रे?" मी अगदी खरं तेच सांगितलं, "न्हाय गं. रोजच्यासारखंच केलं." तिनं बरं म्हटलं आणि फोन ठेवला.

सर म्हणाले, नव्या माणसाला जे पाहिजे असतं तेच दिसतं. पहिल्या वेळी जे हिरवं दिसलं ते तुझ्या मनातलं होतं. पहिल्या काचांचे तिनं दोन-चार फोटो काढले होते, पण ते अंधुक. आणि त्या काचांवरचा हिरवा रंग एव्हाना विझून गेला होता, तो फार दिवस टिकत नाही. प्रबंधात तिनं प्रामाणिकपणे लिहिलं की ही खूण आमच्या शेळीच्या लिम्फोसाइटवर आढळत नाही. बाकीचं काम चांगलं होतं, पदवी मिळाली. नोकरी कायम झाली. पेढे घेऊन ती लॅबवर आली तेव्हा माझ्या बायकोनं तिला ओवाळलं. मी म्हटलं, चला, तेल गेलं पण तूप राहिलं. ती हसली. हसताना तिनं माझ्याकडं पेढ्यांचा पुडा केला आणि विचारलं, "हे केशरीच आहेत ना रे? का पांढरे?" मला वाटलं, चेष्टा करतेय.

ती चेष्टा नव्हती. त्यानंतर उज्ज्वला बदलली, आणि ती कशी बदलली हे जवळून बघणाऱ्यांपैकी मी एक होतो. स्टँडवर गाडीचा फलक स्वतः वाचायची आणि शेजारच्या माणसाला विचारायची, कुठली गाडी आहे? कुलूप लावून चार पावलं गेली की परत फिरायची. घरी मावशींना हाक मारायची, "आई, गॅस बंद दिसतोय का गं? तू बघ बरं एकदा." पोरांच्या काचा तपासताना स्वतः बघून झालं की दुसऱ्या प्राध्यापकाला बोलवायची, "मला असं दिसतंय, तुम्हांला काय दिसतंय?" विद्यार्थ्यांना ते फार आवडायचं. मॅडम किती विनम्र आहेत, कधी स्वतःचंच खरं करत नाहीत, असं तिच्या शोकसभेतही दोघातिघांनी सांगितलं. मी मागच्या खुर्चीत बसलो होतो. ज्या मुलीसाठी सर म्हणायचे, उज्ज्वलाला बघू द्या, ती आयुष्यभर दुसऱ्याला बघू देत राहिली. त्याला विनम्रपणा म्हणतात हे मला त्या दिवशी कळलं.

मला माझी चूक कधी कळली, तेही सांगतो. बारा-तेरा वर्षं झाली असतील. उमरग्याच्या कॉलेजात तिचं व्याख्यान होतं, मी लॅब बायकोवर टाकून गेलो, शेवटच्या बाकावर बसलो. पेशींच्या अंगावरच्या या खुणा ती पोरांना शिकवत होती. टीवर कुठली, बीवर कुठली, मेंढीत काय, माणसात काय. बोलता बोलता सहज म्हणाली, "एक लक्षात ठेवा. ह्या खुणा म्हणजे चरबी. पाण्यानं जात न्हाय, पण स्पिरिट, मिथेनॉल, असलं काही लावलं की विरघळून जाते. काच मिथेनॉलमध्ये बुडवली, म्हणजे जे शोधायचं तेच धुऊन टाकलं." पोरं हसली. तीही हसली. चाळीस काचा, तीन-तीन मिनिटं. मी स्वतःच्या हातांकडं बघत बसलो, पुढचं व्याख्यान मला ऐकू आलं नाही.

नंतर प्राचार्यांच्या खोलीत चहा झाला. मग आम्ही दोघंच उरलो. त्या वेळी मी सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. म्हणालो, "उज्ज्वला, ती तुझी चाळीस काचांची खेप आठवते का?" ती म्हणाली, "न आठवायला काय झालं? पण आता त्याचं काही वाटत न्हाय बघ. आपल्याला दिसलं म्हणजे असतंच असं न्हाय, एवढं शिकले त्यातनं. लई उपयोगी पडलं ते." आणि बशीत बिस्किट मोडून ठेवलं. मी गप्प बसलो. झाकली मूठ सव्वा लाखाची. मनाशी म्हटलं, जखम भरलीय, आता खपली कशाला काढायची? दहा वर्षांपूर्वीची गोष्ट, बाटली नाही, सर निवृत्त झाले, सांगून काय फरक पडणार? हे सगळं मी तिच्या भल्यासाठी म्हणत होतो, असं मी स्वतःला पटवलं. खरं कारण इतकंच होतं की मला भीती वाटली. जिल्ह्यात अचूक रिपोर्टसाठी माझं नाव आहे. आणि तिच्या तोंडावरची माझ्याविषयीची माया जाताना मला बघवली नसती.

त्यानंतर आम्ही किती वेळा भेटलो. दर वेळी वाटायचं, आज सांगू. दर वेळी ती निघताना लॅबच्या दारात थांबून विचारायची, "माझी पर्स मी घेतलीय ना?" पर्स तिच्या खांद्यालाच असायची. मी म्हणायचो, घेतलीयस. दुसरं काही म्हणायचो नाही.

गेल्या हिवाळ्यात तिच्या मानेला गाठ लागली. लागली ती तिच्याच बोटांना. पण तिनं कुणाला सांगितलं नाही. चार महिन्यांनी ऐन उन्हाळ्यात ती लॅबवर आली, ओढणी बाजूला केली आणि म्हणाली, "दत्ता, तू बघ रे. इथं काही लागतंय का? मला जानेवारीपास्नं वाटायलंय, पण मला काय, नसलेलं दिसायची सवयच आहे." मी हात लावला. सुपारीएवढ्या दोन, शेजारी शेजारी, घट्ट. ती माझ्या तोंडाकडं बघून म्हणाली, "म्हणजे आहे तर." आणि खरंच सांगतो, तिच्या चेहऱ्यावर क्षणभर समाधान दिसलं. आपल्याला वाटलं होतं ते खरं निघालं, याचं.

तिच्या रक्ताची पहिली काच मीच केली. वाळवली, मिथेनॉल, जिम्साचा रंग, सगळं रोजच्यासारखं. लिम्फोसाइटच बिघडल्या होत्या. जिच्यामागं ती जन्मभर लागली तीच पेशी, असं लोक हळहळून बोलतात. मला त्यात काही अर्थ दिसत नाही, आजार कुणालाही होतो. मला चार महिने दिसतात. तिच्यावर उपचार करणाऱ्या सोलापूरच्या डॉक्टरांना मी आडून विचारलं, चार महिने आधी आलो असतो तर? ते म्हणाले, सांगता येत नाही. कदाचित फरक पडला असता, कदाचित नसता. त्या कदाचितवर मी आता रोज उठतो आणि झोपतो. बरणीचं झाकण काढलं की मिथेनॉलचा वास येतो आणि कुणीतरी माझ्या मागं उभं राहून खांद्यावरून बघतंय असं वाटतं. तीन मिनिटं. मी वळून बघत नाही. मागं कुणी नाही हे मला ठाऊक आहे, आणि ते नसणं मला बघायचं नाही. परवा काच काढायच्या आधी मी मोठ्यानं म्हणालो, "बघू नकोस." बायकोनं आतून विचारलं, कोण आहे? मी म्हटलं, कुणी नाही.

तिच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी मांडवाबाहेर, चपलांच्या ढिगाजवळ आफरीन उभी होती. मॅडमचं अर्धं राहिलेलं काम आपण पुरं करणार, असं ती सांगत होती. कुठल्या कुठल्या खुणा बघणार ते बोटांवर मोजत होती. ती एक खूण तिनं घेतली नव्हती. मी विचारलं, ती का नाही? "सर, मॅडमच्या प्रबंधातच आहे ना, शेळीवर ती नाही म्हणून. मग वेळ कशाला घालवू?" मी म्हणालो, "घाल वेळ. परत कर. निम्म्या काचा साध्या ठेव आणि निम्म्या मिथेनॉलमध्ये बुडव." ती गोंधळली. "पण सर, मॅडमनी मिथेनॉल कुठं वापरलं होतं?" मी म्हणालो, "मी वापरलं होतं." हे वाक्य माझ्या तोंडून पहिल्यांदाच बाहेर पडलं, आणि ते ऐकायला पाहिजे होती ती आत फोटोत होती. आफरीननं पिशवीतून वही काढून ते लिहून घेतलं. नंतर एवढंच म्हणाली, "करते सर."

मागच्या आठवड्यात तिनं मोबाइलवर दोन फोटो पाठवले. एक काळा, मिथेनॉलमध्ये बुडवलेल्या काचेचा. दुसऱ्यात अंधारात पाच-सहा पेशी, कडेकडेनं हिरव्या. चंद्राच्या खळ्यासारख्या. उज्ज्वलानं वीस-बावीस वर्षांपूर्वी सांगितलं होतं तसंच, थोड्यांनाच, सगळ्यांना नाही. पाठोपाठ आफरीनचा फोन आला. रडत होती. "सर, हे लिहिताना तुमचं कसं लिहू?" मी म्हटलं, झालं तसं लिही, नाव घालून लिही.

दुसऱ्या दिवशी मी कळंबला गेलो. उज्ज्वला गेल्यावर मावशी धाराशिवचं घर सोडून तिथल्या त्यांच्या जुन्या दोन खोल्यांत परतल्या आहेत. ऐंशीच्या पुढं वय, पाय अधू, पण डोकं जागेवर. मी मोबाइल त्यांच्या हातात दिला आणि सगळं सांगितलं. शेळ्या, चाळीस काचा, बरणी, बारा वर्षांपूर्वीचा चहा. काही गाळलं नाही. त्यांनी रागवावं, हाताला लागेल ते फेकून मारावं, एवढीच माझी तयारी होती. खरं तर तेवढ्यासाठीच मी गेलो होतो. त्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, परत जवळ नेला.

"मंजी माज्या उज्ज्वलाला दिसलं व्हतं ते खरं व्हतं?"

"व्हय मावशी. तिचं काहीच चुकलं नव्हतं."

"अन् तवापास्नंच तिनं ते सुरू केलं? आई तू बघ, आई तू बघ?"

मी मान हलवली.

मावशींनी मोबाइल मांडीवर पालथा ठेवला. पदर बोटाला गुंडाळत राहिल्या. मग माझ्याकडं न बघताच बोलायला लागल्या. "म्या लई बोलले रं तिला. दिसातनं धा डाव हाक मारायची, आई गॅस बघ, आई कडी बघ. म्या वैतागायचे. एवढी शिकलीस अन् डोळं फुटलं का तुजं म्हनायचे. श्यानी लोकं असं करत्यात व्हय म्हनायचे." त्यांनी बोटाचा पदर सोडला. "थंडीत येक डाव म्हनली, आई, मानंला हात लावून बघ गं. म्या कुकर लावीत व्हते. म्हनलं, काय न्हाय तिथं, झालं तुजं चालू."

मला वाटलं होतं, सांगून टाकलं की माझा भार उतरेल. उतरला नाही. जे एकट्याचं होतं ते मी उचलून त्या म्हातारीच्या पदरात नेऊन टाकलं होतं. तिच्या डोळ्यांत राग असता तर मला बरं वाटलं असतं, पण तिथं राग नव्हता.

"तिला सांगायचं व्हतंस दत्ता," मावशी म्हणाल्या. "आता म्या कुनाला म्हनू, माजं चुकलं म्हनून?"

मलाही तेच विचारायचं होतं, आणि तेच विचारायला मी त्यांच्याकडं आलो होतो.